ऑर्गॅनोमेटॅलिक कॅटॅलिसिसमध्ये रिसर्च करायचाय? मग सुरुवात अशी करा

नवीन कुणी या फील्डमध्ये (म्हणजे कार्बनशी बंध करणाऱ्या मेटलची संयुगं कॅटॅलिस्ट म्हणून वापरायचं हे काम) यायचं म्हटलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, कुठल्या मेटलवर काम करू, पॅलेडियम तर सगळ्यांचं करून झालंय, आता निकेल घेऊ की कोबाल्ट घेऊ की आयर्न. प्रश्न चुकीचा नाहीये पण तो नंतरचा आहे. आधीचा प्रश्न, जो पुढची सगळी वर्षं तुमची पाठ सोडणार नाही, तो असा: फ्लास्कमध्ये नेमकं काम कोण करतंय? तुम्ही वजन करून टाकलेलं कॉम्प्लेक्स (मेटल आणि त्याला चिकटलेले रेणू किंवा आयन, म्हणजे लिगंड), की त्याचं तुटून झालेलं काहीतरी, की कुणी टाकलंच नव्हतं असं काहीतरी?

१९५३ मध्ये म्युलहाइमला कार्ल झीग्लर यांच्या ग्रुपमध्ये असंच झालं. ते लोक इथिलीन आणि ट्रायइथिलॲल्युमिनियम तापवून कार्बनच्या लांब साखळ्या बनवत होते आणि एकदा साखळी वाढायच्या ऐवजी जवळजवळ नुसतं ब्युटीनच मिळालं. रिॲक्शन बिघडली असं वहीत लिहून पुढे जाता आलं असतं, पण त्यांनी खोदून काढलं आणि कळलं की ऑटोक्लेव्हमध्ये निकेलचा अंश राहून गेला होता, तो हे करत होता. मग ठरवून एकेक मेटल टाकून बघितलं आणि टायटॅनियमपाशी आल्यावर साध्या प्रेशरला पॉलिइथिलीन मिळालं. १९६३ चं नोबेल त्यांना आणि ज्युलिओ नात्ता यांना मिळालं ते याच कामावर. ही गोष्ट मी प्रत्येक नवीन मुलाला मुलीला सांगते, कारण या करिअरमध्ये लागणारी सवय नेमकी काय ते तिच्यातून लगेच समजतं.

१. आधी इलेक्ट्रॉन मोजायला शिका, कागदावर, हाताने

मेटलभोवती १८ इलेक्ट्रॉन झाले की कॉम्प्लेक्स भरलेलं, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं पण मोजायला सांगितलं की अडखळतात. निकेल झिरोचे १० आणि चार कार्बोनिलचे ८, झाले १८. फेरोसीनमध्ये आयर्न टूचे ६ आणि दोन रिंगांचे ६-६, पुन्हा १८. विल्किन्सन कॅटॅलिस्टमध्ये ऱ्होडियम वनचे ८, तीन फॉस्फिन (फॉस्फरसवाले लिगंड) आणि एक क्लोराइड मिळून ८, म्हणजे १६, दोन इलेक्ट्रॉनची जागा रिकामी, तिथे हायड्रोजन येऊन बसू शकतो. आता गंमत बघा, जॅक हाल्पर्न यांनी कायनेटिक्स (रिॲक्शनचा वेग मोजणं) करून दाखवलं की खरं काम हे १६ वालं करतच नाही, आधी एक फॉस्फिन सुटतो, १४ इलेक्ट्रॉनवालं राहतं आणि ते हायड्रोजनला कितीतरी पट वेगाने धरतं. म्हणजे बाटलीत आहे ते वेगळं आणि कॅटॅलिस्टच्या सायकलमध्ये, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी पुन्हा मूळ जागी येण्याच्या चक्रात, फिरतंय ते वेगळं, इतकं जुनं, इतकं पुस्तकी उदाहरण असूनसुद्धा.

तर करायचं काय, की दहा सायकल घ्या, हायड्रोजनेशन, हायड्रोफॉर्मायलेशन, सुझुकी, हेक, मेटाथेसिस, काय हवं ते, आणि प्रत्येक पायरीला ऑक्सिडेशन स्टेट आणि इलेक्ट्रॉन काउंट दोन्ही बाजूला लिहा. ऑक्सिडेटिव्ह ॲडिशनला मेटल दोनने वर जातो, रिडक्टिव्ह एलिमिनेशनला दोनने खाली येतो, इन्सर्शनला ऑक्सिडेशन स्टेट तीच राहते, हे पाठ करून उपयोग नाही, बोटांत बसलं पाहिजे. सोबत लिगंडचा आकार पण, टोलमन यांचा कोन अँगल (लिगंड मेटलभोवती किती जागा व्यापतो त्याचं माप) ट्रायमिथिलफॉस्फिनला ११८ अंश, ट्रायफिनाइलला १४५, ट्राय-टर्शरी-ब्युटाइलला १८२, आणि या तीन आकड्यांवरून एका मेटलवर किती फॉस्फिन मावतील याचा अंदाज यायला लागतो. १८२ वाले चार एका पॅलेडियमभोवती बसवून बघा कागदावर, बसत नाहीत, आणि म्हणूनच ते कपलिंगमध्ये (दोन रेणू जोडायच्या रिॲक्शनमध्ये) इतकं छान चालतं, कारण मेटल उघडा राहतो.

२. मग हात बसवा, याला शॉर्टकट नाही

वाचन कितीही असू दे, श्लेंक लाइनवर (हवा लागू न देता काम करायची व्हॅक्यूम-नायट्रोजनची काचेची लाइन) हात बसला नसेल तर तुमचा डेटा तुमचाच तुम्हाला कळणार नाही, कारण रिॲक्शन फेल झाली ती केमिस्ट्रीमुळे की हवा आत गेली म्हणून हे सांगताच येत नाही. पहिले दोन-तीन महिने मी कुणाला स्वतःचा प्रोजेक्ट देत नाही. सॉल्व्हंट सुकवा, फ्लास्क ओव्हनमधून काढून गरम असतानाच व्हॅक्यूमवर लावा, तीनदा व्हॅक्यूम-नायट्रोजन करा, कॅन्युलाने (दोन्ही टोकं उघडी असलेल्या लांब सुईने) ट्रान्सफर करा, आणि हे सगळं न गडबडता.

एक गोष्ट जवळून दाखवते, सॉल्व्हंट डिगॅस करायची (त्यात विरघळलेला वायू काढून टाकायची) फ्रीझ-पंप-थॉ पद्धत, कारण निम्मे लोक ती घाईत करतात. फ्लास्क अर्ध्यापेक्षा कमी भरा. नळी बंद ठेवून फ्लास्क लिक्विड नायट्रोजनमध्ये हळूहळू बुडवा, तळापासून वर गोठत गेलं पाहिजे. पूर्ण घट्ट झालं की मगच व्हॅक्यूमला उघडा, काही मिनिटं ठेवा, बंद करा, बाहेर काढून आपोआप वितळू द्या. वितळताना घट्ट भागाच्या कडेने बुडबुडे निघताना दिसतील, हाच तो अडकलेला वायू. पुन्हा गोठवा, पुन्हा ओढा. साधारण तिसऱ्या वेळी बुडबुडे जवळजवळ थांबतात, थांबले नाहीत तर चौथ्यांदा करा, तीन हा आकडा काही देवाने लिहून दिलेला नाही, बुडबुडे काय सांगतात ते बघा. आणि हे आर्गॉनखाली उघडं ठेवून गोठवायचं नाही, आर्गॉन उणे १८६ ला द्रव होतो, लिक्विड नायट्रोजन उणे १९६ ला असतो, म्हणजे फ्लास्कमध्ये आर्गॉन द्रव होऊन साचतो आणि नंतर गरम झाला की बंद काच फोडतो.

तसंच ट्रॅपचं, म्हणजे पंपाआधी वाफा थंड करून धरणाऱ्या काचेच्या भांड्याचं. ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो, म्हणून व्हॅक्यूम लाइन गळत असेल किंवा कुठला नळ उघडा राहिला असेल आणि ट्रॅप लिक्विड नायट्रोजनमध्ये असेल तर हवेतला ऑक्सिजन तिथे जमतो. ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला की हात लावू नका, लाइन सील करू नका, हूडची काच खाली, आजूबाजूच्यांना बाहेर काढा, सिनियरला बोलवा. सॉल्व्हंटच्या वाफा त्याच ट्रॅपमध्ये असतात आणि ते मिश्रण स्फोटक असतं. २००८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटी लॅबमध्ये हवा लागताच पेटणारं टर्शरी-ब्युटाइललिथियम सिरिंजने ओढताना प्लंजर बाहेर आला, अंगावर लॅबकोट नव्हता, आणि काही दिवसांनी, जानेवारीत, एका तरुण रिसर्च असिस्टंटचा जीव गेला. त्यामुळे ही बाटली पहिल्यांदा हाताळताना शेजारी अनुभवी माणूस उभं असलंच पाहिजे, अंगात आग न धरणारा कोट पाहिजे, सिरिंज हव्या त्या मापाच्या निदान दुप्पट मापाची घ्या म्हणजे प्लंजर टोकापर्यंत येत नाही, आणि जास्त माप असेल तर सिरिंज नकोच, कॅन्युला लावा. यात भिडेखातर गप्प बसू नका, एकट्याने जमत नाही असं सरळ सांगा.

ग्लोव्हबॉक्सबद्दल (आत हवा नसलेली, हातमोज्यांतून काम करायची बंद पेटी) एवढंच की तो आहे म्हणून श्लेंक शिकणं टाळू नका. बॉक्समध्ये ऑक्सिजन १ पीपीएमच्या (दहा लाखात एक) खाली दाखवत असला तरी कुणीतरी आत उघडी ठेवलेली सॉल्व्हंटची बाटली तुमचं कॉम्प्लेक्स बिघडवू शकते.

३. फॉस्फरस एनएमआरशी मैत्री करा

प्रोटॉन एनएमआर तर करायचाच, पण या फील्डमध्ये दिवस वाचवतो तो फॉस्फरस. कारण फॉस्फरस-३१ निसर्गात शंभर टक्के, स्पिन अर्धा, आणि स्पेक्ट्रममध्ये सगळा कचरा वेगवेगळा उभा राहतो. ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिड शून्यावर धरायचं. मोकळा ट्रायफिनाइलफॉस्फिन उणे ५ च्या आसपास, त्याचा ऑक्साइड अधिक २५ ते ३० च्या मधे. म्हणजे रिॲक्शन थंड पडली की एक ट्यूब भरा आणि बघा, २५-३० ला मोठं पीक उभं असेल तर तुमचा लिगंड ऑक्सिडाइझ होऊन गेलाय, मेटलला दोष देऊ नका, सॉल्व्हंट तपासा, बाटली तपासा. अर्थात पॅलेडियम ॲसिटेटपासून सुरू केलं असेल तर थोडा ऑक्साइड येणारच, कारण पॅलेडियम टूला झिरोवर आणायचं काम फॉस्फिनच करतो आणि स्वतः ऑक्साइड होतो. हा हिशोब लिगंडचं प्रमाण ठरवताना धरायला बरेच जण विसरतात.

ऱ्होडियमवर असाल तर अजून छान, ऱ्होडियम-१०३ पण शंभर टक्के आणि स्पिन अर्धा, म्हणून मेटलला चिकटलेला प्रत्येक फॉस्फरस डबलेट होतो. विल्किन्सन कॉम्प्लेक्सचा स्पेक्ट्रम एकदा स्वतः घ्या, दोन सारखे फॉस्फिन डबलेट ऑफ डबलेट्स आणि क्लोराइडच्या समोरचा एकटा डबलेट ऑफ ट्रिपलेट्स, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की कॉम्प्लेक्स म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने पटतं. हायड्राइड (मेटलला चिकटलेला हायड्रोजन) शोधत असाल तर प्रोटॉनची विंडो शून्याच्या खाली उणे ३०-४० पर्यंत उघडा, साधी सेटिंग ठेवली तर तो भागच रेकॉर्ड होत नाही आणि लोक म्हणतात हायड्राइड नाहीये.

४. पहिली रिॲक्शन दुसऱ्याची करा

स्वतःची आयडिया पहिल्या महिन्यात काढू नका. छापून आलेली, तुमच्या विषयाजवळची एक रिॲक्शन घ्या आणि तेवढाच यील्ड तीनदा आणून दाखवा. तीनदा. एकदा आला तर योगायोग असू शकतो. आला नाही तर रागावू नका, तिथेच तुमचं शिक्षण सुरू होतं, कारण पेपरमधल्या दोन ओळींच्या मागे काय काय लपलंय ते तेव्हा कळतं: सॉल्व्हंट कुणाचा, बेस किती बारीक कुटलेला, फ्लास्कमध्ये वर किती जागा मोकळी, स्टर बार किती जोरात फिरतोय. आणि मेटलचा सोर्स तर फारच महत्त्वाचा. पॅलेडियमचं डीबीए (डायबेन्झिलिडीनॲसिटोन) कॉम्प्लेक्स बाजारातून येतं तेव्हा काही सॅम्पल्समध्ये बराचसा पॅलेडियम नॅनोपार्टिकलच्या रूपात आधीच बसलेला असतो, २०१२ मध्ये झालेस्की आणि अनानिकोव्ह यांनी दाखवलं की हा भाग ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे तुम्ही १ मोल टक्का म्हणून वजन केलं पण कामाचं त्याहून कितीतरी कमी गेलं. म्हणून बॅच नंबर वहीत लिहायचा, प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी.

५. कंट्रोल, कंट्रोल आणि कंट्रोल

माझ्या मते करिअर घडतं किंवा फसतं ते इथे. नवीन, स्वस्त मेटलने कपलिंग होतंय असं दिसलं की आनंद होतो, होऊ द्या, पण त्याच संध्याकाळी मेटल न टाकता तीच रिॲक्शन लावा. २००३ मध्ये मेटल न वापरता सुझुकी कपलिंग होतं असं छापून आलं होतं, मायक्रोवेव्हमध्ये, पाण्यात. दोन वर्षांनी, २००५ मध्ये, त्याच ग्रुपने स्वतः पुन्हा तपासून लिहिलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये २० ते ५० पीपीबी पॅलेडियम होता आणि तोच सगळं करत होता. पीपीबी, म्हणजे अब्जात एक! मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे, स्वतःचंच काम स्वतः उलटं करून सगळ्यांसमोर ठेवायला धीर लागतो. २००९ मध्ये बुखवाल्ड आणि बोल्म यांनी मिळून असंच दाखवलं की आयर्न क्लोराइडने होतात म्हणून छापलेल्या काही कपलिंगमध्ये काम करणारं खरं तर आत मिसळलेलं तांबं होतं.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी कोबाल्टवर एक कपलिंग मस्त चाललं होतं, सहा सबस्ट्रेट (सुरुवातीचे वेगवेगळे पदार्थ) झाले, टेबल भरत होतं, आणि मग शेजारच्या बेंचवरच्या मैत्रिणीने तीच रिॲक्शन तिच्या फ्लास्कमध्ये लावली तर काहीच नाही, शून्य. आठवडाभर आम्ही सॉल्व्हंट बदलला, बेस बदलला, शेवटी तिने माझा स्टर बार उचलून उजेडात धरला. पांढऱ्या टेफ्लॉनवर करड्या रेघा होत्या, बारीक, ओरखड्यांमध्ये बसलेल्या, साबणाने न जाणाऱ्या. तो स्टर बार आधी कुणाच्या तरी पॅलेडियम रिॲक्शनमध्ये फिरलेला होता. नवा कोरा स्टर बार टाकला आणि माझीही रिॲक्शन शून्य. चार महिने गेले. रडले पण, खोटं कशाला बोलू. पण त्यानंतर आजपर्यंत मेटल बदलताना मी नवीन स्टर बार आणि नवीन फ्लास्कशिवाय पहिली रिॲक्शन लावलेली नाही, आणि जुना वापरायचाच असेल तर आधी ॲक्वा रेजियाने धुवायचा (त्याआधी ॲसिटोनचा थेंबही काचेत राहता कामा नये आणि ती बाटली कधीच घट्ट बंद करायची नाही, आतून वायू येत राहतो).

तर निदान एवढे कंट्रोल हवेतच: मेटलशिवाय, लिगंडशिवाय, वेगळ्या कंपनीच्या मेटल सॉल्टने, जास्तीत जास्त शुद्ध मिळेल त्या सॉल्टने, नवीन काचेत. शिवाय मुद्दाम १०-१०० पीपीएम पॅलेडियम किंवा तांबं टाकून बघा, त्याने वेग वाढला तर शंका घ्या. मिश्रण काळं पडलं तर कोलॉइड (मेटलचे बारीक कण) असू शकतो, मग मर्क्युरी टेस्ट (पारा टाकून रिॲक्शन थांबते का ते बघणं), गरम असतानाच गाळून गाळलेल्यात रिॲक्शन पुढे चालते का ते बघणं, हे सगळं. पण मर्क्युरी टेस्ट एकट्यावर भिस्त ठेवू नका, पारा काही मॉलिक्युलर कॉम्प्लेक्सशीही रिॲक्ट होतो आणि चुकीचं उत्तर देतो. दोन-तीन टेस्ट एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच लिहा.

६. यील्डच्या पुढे जा

यील्डचं टेबल कुणीही बनवतं, तुम्हाला वेगळं ओळखलं जाईल ते वेगाच्या ग्राफवरून. १ मोल टक्का कॅटॅलिस्टने ९० टक्के यील्ड म्हणजे टर्नओव्हर (कॅटॅलिस्टच्या एका रेणूने किती वेळा काम केलं) ९०, ०.०१ मोल टक्क्याने तेवढाच यील्ड म्हणजे ९०००, टेबलमध्ये दोन्ही ९०च दिसतात. सॅम्पल काढत जा, दर काही मिनिटांनी, आणि प्रॉडक्ट किती झालं ते वेळेवर मांडा. सुरुवातीला काही होत नाही आणि मग एकदम सुटतं असं दिसलं तर तुम्ही टाकलेलं कॉम्प्लेक्स आधी बदलतंय आणि मग काम सुरू होतंय. डोना ब्लॅकमंड यांनी रुळवलेली रिॲक्शन प्रोग्रेस कायनेटिक्सची पद्धत शिकून घ्या, थोड्याच रनमध्ये कॅटॅलिस्ट मरतोय की प्रॉडक्ट त्याला अडवतंय हे वेगळं करता येतं.

कायनेटिक्स का, तर स्पेक्ट्रममध्ये जे सगळ्यात जास्त दिसतं ते बरेचदा बाजूला बसलेलं असतं. ऱ्होडियमच्या असिमेट्रिक हायड्रोजनेशनमध्ये (आरशातल्या दोन रूपांपैकी एकच जास्त बनवायचं) कॅटॅलिस्ट आणि सबस्ट्रेट मिळून दोन डायस्टिरिओमर, म्हणजे वेगळ्या मांडणीची दोन रूपं, तयार होतात, एक भरपूर, दुसरा जेमतेम, आणि हाल्पर्न यांच्या कामातून कळलं की मुख्य प्रॉडक्ट येतं ते त्या जेमतेम असलेल्यातून, कारण तो हायड्रोजनशी फार वेगाने रिॲक्ट होतो. आणि मेटल बदलला की अवघड पायरीही बदलते. मेथॅनॉलपासून ॲसिटिक ॲसिड बनवताना ऱ्होडियमवर मिथाइल आयोडाइडचं ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन सगळ्यात हळू, इरिडियमवर ते झपाट्याने होतं पण मग मिथाइलचं कार्बोनिलवर जाणं अडतं, त्यासाठी रुथेनियमची मदत घ्यावी लागते, आणि १९९६ मध्ये बीपीने जाहीर केलेली कॅटिव्हा प्रोसेस उभी आहे ती हे समजून घेतल्यावरच. कुठला मेटल घेऊ या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे येऊन मिळतं, कुठली पायरी अडतेय ते कळलं की मेटल सुचतो.

डीएफटी (कॉम्प्युटरवर रेणूंची ऊर्जा काढायची पद्धत) शिकायचं तर शिका, पण आधी तुमच्याकडे मोजलेला वेग हवा, नाहीतर कॉम्प्युटर तुम्हाला हवं तेच सांगतो.

७. गाइड, पोस्टडॉक, नोकरी

गाइड निवडताना पब्लिकेशनची लांबलचक यादी बघून भारावू नका. त्या ग्रुपमधल्या दोन सध्याच्या आणि एका सोडून गेलेल्या माणसाशी बोला आणि हे विचारा: फेल झालेल्या रिॲक्शन मीटिंगमध्ये दाखवता येतात का, एनएमआरवर स्वतः बसू देतात का, ग्लोव्हबॉक्सची देखभाल कोण करतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही आलं तर मी तिथे जाणार नाही, कारण जिथे फेल दाखवता येत नाही तिथे कंट्रोलही कुणी लावत नाही.

पीएचडी एका मेटलवर किंवा एका रिॲक्शनवर झाली असेल तर पोस्टडॉक मुद्दाम दुसरीकडे करा, सिंथेसिसवाले कायनेटिक्सकडे, कायनेटिक्सवाले इंडस्ट्रीला लागून असलेल्या ग्रुपकडे. इंडस्ट्रीत जायचं असेल तर औषधांच्या प्रोसेस केमिस्ट्रीत या ज्ञानाला खूप मागणी असते, पण तिथले प्रश्न जरा वेगळे. तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये, इंजेक्शनमधून १०, ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, म्हणजे रिॲक्शन झाली की मेटल बाहेर कसा काढणार हेही तुमचंच काम. दहा मिलिग्रॅमवर चाललेलं किलोवर चालेल का, गरम किती होईल, ढवळलं जाईल का, कॉलम न करता शुद्ध करता येईल का. पीएचडीत असतानाच एखादी रिॲक्शन पाच-दहा ग्रॅमवर करून बघा, इंटरव्ह्यूमध्ये ती एक स्लाइड चाळीस सबस्ट्रेटच्या टेबलपेक्षा जास्त बोलते.

आणि इंटरव्ह्यू, मग तो कुठलाही असो, एक प्रश्न ठरलेला: सायकलच्या स्लाइडवर बोट ठेवून विचारतात, हे इंटरमीडिएट तुम्हाला कसं माहीत? तेव्हा उत्तरात पाहिजे की आम्ही हे वेगळं करून क्रिस्टल मिळवला, मग ते मुद्दाम टाकून बघितलं तर सुरुवातीचा रेंगाळणारा भाग गेला आणि वेगही तेवढाच आला. हे बोलता येण्यासाठीचे प्रयोग थीसिसच्या शेवटच्या महिन्यात होत नाहीत, क्रिस्टल तर कधी कधी उणे ३५ च्या फ्रीझरमध्ये पेंटेनखाली दोन महिने बसून राहतात आणि मग एका सकाळी दिसतात. म्हणून कुठलंही नवीन कॉम्प्लेक्स हातात आलं की त्याच दिवशी तीन-चार वायल क्रिस्टलसाठी लावून ठेवा, वेगवेगळ्या सॉल्व्हंटच्या जोड्या, झाकणावर तारीख आणि वहीचं पान लिहा, आणि मागच्या कोपऱ्यात सरकवा जिथे कुणाचा धक्का लागणार नाही.